'कावल' म्हणजे राखण: येलहंक्याच्या परिसरातील चराऊ रानांचा इतिहास

येलहंका म्हटले की आज हवाई दलाचा तळ, दर दोन वर्षांनी तेथे भरणारे 'एरो इंडिया' प्रदर्शन आणि रेल्वेच्या चाकांचा कारखाना आठवतो. चराऊ रानांचा इतिहास शिकायला कोणी या उपनगराचा नकाशा उघडणार नाही. तरीही तो उघडून पाहावा. येलहंक्याला लागून असलेल्या एका राखीव वनाचे नाव जरकबंडे कावल आहे. बंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला बी. एम. कावल आहे. जुन्या म्हैसूर राज्याच्या नकाशावर तर अशी नावे जागोजागी सापडतात. कन्नडमधील 'कावलु' म्हणजे राखण, पहारा. ज्या रानातले गवत राखले जाते ते कावल, आणि ते राखणारा माणूस कावलगार.

मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द 'कुरण'. आज आपण कोणत्याही हिरव्या माळाला कुरण म्हणतो. जुन्या कागदांत मात्र कुरण म्हणजे राखलेले गवत. मराठेशाहीत सरकारी घोड्यांसाठी कुरणे राखली जात आणि तेथील गवत कापण्याचे काम आसपासच्या गावांच्या माथी वेठ म्हणून येई. पुणे जिल्ह्यात कुरण नावाची गावे आजही आहेत. गायरान ही वेगळी गोष्ट: ते गावाच्या सामाईक चराईचे रान. कर्नाटकात त्याला 'गोमाळ' म्हणतात. कावल आणि कुरण सरकारचे, गोमाळ आणि गायरान गावाचे. हा फरक आरंभीच लक्षात ठेवावा, कारण पुढे नोंदींत ही सगळी राने एकाच 'पडीक' या शब्दाखाली आली आणि त्यातून बराच अनर्थ झाला.

या टिपणात एक मुद्दा मांडायचा आहे. दख्खनच्या पठारावर चराऊ रान टिकले ते गुरे बाहेर ठेवल्याने नव्हे, आणि गुरे मोकाट सोडल्यानेही नव्हे. गुरे कधी आत येतील आणि कधी बाहेर जातील याचा नियम होता, म्हणून ते टिकले. हा नियम मोडला तेव्हा आधी रानाची माती बिघडली, मग रानाला निरुपयोगी ठरवण्यात आले आणि शेवटी ते दुसऱ्या कामाला दिले गेले.

बेन्ने चावडीपासून अमृत महालापर्यंत

येलहंक्याच्या नाडप्रभूंपैकी पहिल्या केंपेगौडाने 1537 मध्ये बंगळुरूचा किल्ला वसवला. शंभर वर्षांनी, 1638 मध्ये, रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेने तो घेतला आणि बंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले. 1687 मध्ये मुघलांनी ते व्यंकोजीराजांकडून घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरला दिले. व्यवहार तीन लाख रुपयांचा झाला असे सांगतात. मराठी वाचकाला हा भाग राजकीय इतिहास म्हणून ठाऊक असतो. आपल्याला हवी आहे ती याच चिक्कदेवराजाच्या कारभारातली एक बाजूची नोंद. त्याने (राज्यकाल 1672 ते 1704) राज्याच्या गुरांसाठी ठिकठिकाणी राने नेमून दिली आणि त्यांचे खाते उघडले. खात्याचे नाव होते बेन्ने चावडी, म्हणजे लोण्याची कचेरी, कारण राजवाड्याला दूध-लोणी तेथून जाई.

हैदरअलीने हे खाते लष्करी कामाला लावले. टिपूने नाव बदलून 'अमृत महाल' केले आणि गुरांची पैदास, देखरेख व मोजणी यांचे नियम घालून देणारा हुकूमनामा काढला. तोफा आणि सामान ओढणारे हे बैल चपळ म्हणून प्रसिद्ध होते. चिदंबरमच्या मदतीला हैदर अडीच दिवसांत शंभर मैल गेला तो याच बैलांच्या जोरावर, असे म्हैसूरच्या गॅझेटियरात नोंदले आहे. आकडा थोडा फुगवलेला असेल. पण 1799 नंतर इंग्रजांनी हे खाते मोडले नाही आणि पुढे मद्रासच्या लष्कराने ते आपल्या हाती घेतले, यावरून बैलांची किंमत कळते. महाराष्ट्रातला खिल्लार बैलही याच हल्लीकर-अमृतमहाल घराण्याशी जवळचा मानला जातो.

बैलांची वर्णने पुष्कळ आहेत. आपल्याला पाहायची आहे ती रानांची व्यवस्था. अमृत महालाची कावले तीन प्रकारांत विभागलेली होती: उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी. उन्हाळी कावले सखल भागात, तलावाच्या पोटात किंवा ओढ्याकाठी असत. तेथे मार्च-एप्रिलमध्येही थोडा ओलावा, थोडा हिरवा चारा आणि झाडांची सावली मिळे. पावसाळी आणि हिवाळी कावले उघड्या माळावर. कळप ऋतूनुसार एका रानातून दुसऱ्यात जात आणि मागे राहिलेल्या रानाची राखण कावलगार करी, म्हणजे तेथले गवत वाढून फुलोऱ्यावर येई, बी पाडी. कोणतेही रान वर्षभर चरले जात नसे. हिशेब जनावरांच्या संख्येचा होता तसाच दिवसांचाही होता.

ही व्यवस्था न्याय्य होती असे मात्र समजू नये. कावलगाराचा पहारा शेजारच्या गावाच्या गुरांविरुद्धही होता. दुष्काळात गावची गुरे कुंपणाबाहेर हाडाडली असताना आत सरकारी गवत उभे असणे हे राखणीचेच दुसरे अंग. राज्याला तोफा ओढायच्या होत्या म्हणून गवत राखले गेले. मातीच्या आरोग्याची चिंता कोणाला नव्हती. ते आरोग्य टिकले हा त्या नियमाचा आनुषंगिक परिणाम.

जनावर चरते तेव्हा मातीत काय होते

येथे इतिहास क्षणभर बाजूला ठेवून थोडे कृषिशास्त्र पाहू, नाहीतर तीन ऋतूंच्या कावलांचा अर्थ लागणार नाही.

गवताचे पान खुडले की झाडोरा मुळांतला साठा वापरून नवे पान काढतो. अमेरिकी कृषिखात्यातील क्रायडर यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले की पाल्याचा निम्म्याहून अधिक भाग एका वेळी काढला तर बहुतेक गवतांच्या मुळांची वाढ काही दिवस थांबते. थांबलेली वाढ पुन्हा सुरू होण्याआधीच तेच पान दुसऱ्यांदा खुडले, तर मुळे आखडत जातात. गवताळ रानातला सेंद्रिय कार्बन बहुतांश जमिनीखाली असतो. मूळ आखडले की तो कार्बन आणि पाणी मुरण्याची वाट, दोन्ही कमी होतात. फ्रेंच अभ्यासक आंद्रे व्हॉइसँ यांनी 1957 च्या ग्रंथात यावरूनच निष्कर्ष काढला की अतिचराई हा जनावरांच्या संख्येचा प्रश्न जेवढा आहे त्याहून अधिक वेळेचा आहे. दहा गुरे वर्षभर एकाच जागी चरली तर रान संपते. शंभर गुरे दोन दिवस चरून दोन महिने परतली नाहीत तर ते सावरू शकते.

मग गुरे पूर्ण बंद का करू नयेत? पठारावर पावसाचे महिने थोडे. दिवाळीनंतर गवत वाळते, हवा कोरडी पडते आणि ते कुजवणारे जिवाणू मंदावतात. न चरलेले जुने गवत करडे होऊन उभेच राहते आणि खालच्या नव्या फुटव्याचा उजेड अडवते. गुराच्या पोटात मात्र बाराही महिने ओल आणि जिवाणू असतात. खाल्लेल्या नत्रापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक शेण-मुतातून बाहेर येते, शेणकिडे ते जमिनीत नेतात. तुडवण्याचाही उपयोग होतो, बेताने असेल तर. बी मातीला टेकते. ओल्या जमिनीवर गर्दी झाली तर तेच तुडवणे माती दाबून टाकते.

झांशीच्या भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्थेतील दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 मध्ये देशातील गवताळ आच्छादनांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. दख्खनचा माळ त्यात पवन्या आणि मारवेल यांच्या गटात येतो. चराईचा ताण वाढत गेला की ही चवदार, बहुवर्षायू गवते मागे हटतात, कुसळी वाढते, आणि त्याहीनंतर उरतात ती वर्षभराची, जनावर तोंड न लावणारी गवते. माळावर नुसतीच कुसळे दिसत असतील तर त्या रानाचा नियम कधीतरी मोडला आहे असे वाचायला हरकत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पुरावा दप्तरात मिळणार नाही.

एक हिशेब मात्र उत्साही लेखनात बहुधा सुटतो. महाराष्ट्रात शेतकरी धनगरांना बोलावून शेतात मेंढ्या बसवतात. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपांना भाताच्या खाचरांत याच कारणासाठी जागा मिळते आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. कर्नाटकात कुरुबांचे कळपही असेच बसवले जातात. एका रात्रीत शेताला लेंडी आणि मूत मिळते. पण दिवसा त्या मेंढ्या चरल्या कुठे? माळावर. म्हणजे माळाचे नत्र आणि स्फुरद रात्री शेतात आले. शेताची सुपीकता रानाच्या खर्चाने वाढते. जोवर रान विस्तीर्ण आहे आणि त्याला विश्रांती आहे तोवर हा खर्च सोसतो. रान आकसले आणि कळप तेवढेच राहिले की तो सोसत नाही. 'चराईने माती सुधारते' हे वाक्य वाचले की कोणाची माती, आणि कोणाच्या बळावर, हे विचारावे.

झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी यांनी नियोजित चराईने वाळवंट परतवता येईल आणि हवामानबदलही रोखता येईल असा दावा जगभर लोकप्रिय केला. ऑक्सफर्डमधील एका संशोधनगटाने 2017 च्या अहवालात तो तपासला आणि चांगल्या चराईने मातीत साठणारा कार्बन बहुतेक ठिकाणी त्याच जनावरांच्या उत्सर्जनालाही पुरा पडत नाही, असे म्हटले. माझ्या मते आपल्या माळांसाठी हवामानाचा मोठा दावा करण्याची गरजच नाही. माती वाहून न जाणे, पाणी मुरणे आणि चारा मिळणे एवढी कारणे पुरेशी आहेत.

राखण सुटली, नाव 'पडीक' झाले

1860 मध्ये मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी काटकसरीपोटी अमृत महाल बंद करून कळप विकून टाकले. लवकरच लष्कराला चांगले बैल मिळेनासे झाले आणि 1866 मध्ये खाते पुन्हा उभारावे लागले. 1880 च्या दशकाच्या आरंभी ते म्हैसूर दरबाराकडे परत आले. कळप पुन्हा जमवता आले, पण तोवर बैलांचे लष्करी महत्त्व ओसरू लागले होते: तोफा आणि रसद रेल्वेने जाऊ लागली, पुढे मोटारी आल्या. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला अमृत महाल कावलांचे क्षेत्र चार लाख एकरांच्या घरात होते. आज त्यातले साठ-सत्तर हजार एकर उरल्याचे मानले जाते. 'अधिक धान्य पिकवा' मोहीम, भूमिहीनांना वाटप, वनीकरण, प्रकल्प, अतिक्रमण, अशा अनेक वाटांनी ते गेले. वाटपाची गोष्ट अन्यायाची म्हणता येणार नाही. भूमिहीनाला जमीन हवीच होती. पण सोपी जमीन म्हणून दरवेळी रानच पुढे केले गेले.

महसुली भाषेने यात मोठे काम केले. ज्यातून सारा येत नाही ते पडीक, हा वसाहतकाळचा हिशेब स्वातंत्र्यानंतरही टिकला. 2000 पासून केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी राने आणि अवनत चराऊ राने याच सदरात आहेत. 'पडीक' म्हटल्यावर तेथे काहीतरी करणे भाग पडते. निलगिरी लावणे हे त्यातले सर्वांत सोपे. जरकबंडे कावलातही निलगिरी लावली गेली. गुरांसाठी राखलेल्या रानाचे नाव तेवढे उरले.

एन. एस. जोधा यांनी कोरडवाहू भागातील ऐंशीहून अधिक गावांचा अभ्यास करून 1986 मध्ये दाखवले की 1950 च्या आसपासपासून 1980 च्या दशकापर्यंत सामाईक जमिनी 31 ते 55 टक्क्यांनी घटल्या होत्या. त्यात महाराष्ट्रातील अकोला, औरंगाबाद, सोलापूर आणि कर्नाटकातील काही जिल्ह्यांची गावे होती. उरलेल्या जागेवर जनावरांची दाटी झाली, माती उघडी पडली, आणि मग लोक म्हणू लागले की सामाईक मालकीचे असेच होते. गॅरेट हार्डिन यांचा 1968 चा प्रसिद्ध निबंधही हेच सांगतो. पण त्यांनी कल्पिलेल्या रानाला नियमच नव्हते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1990 च्या ग्रंथात दाखवले की खऱ्या सामाईक रानांना बहुधा नियम असतात. आपल्याकडे नियम आधी मोडले गेले आणि दोष मालकीच्या प्रकाराला दिला गेला.

कायद्यात तरतूद नव्हती असे नाही. 1966 च्या कर्नाटक जमीन महसूल नियमांत 100 जनावरांमागे 12 हेक्टर, म्हणजे सुमारे 30 एकर, रान मोकळ्या चराईसाठी राखावे असे आहे. नियम चांगला, पण तो फक्त क्षेत्र मोजतो. ते रान कोणत्या महिन्यांत बंद राहावे याबद्दल तो काही सांगत नाही. शिवाय गावात गुरे कमी झाली की 'जास्तीचे' गोमाळ मोकळे होते. शहर जवळ आले की गुरे कमी होतातच. बंगळुरूभोवतीच्या गोमाळांचे काय झाले असेल हे यावरून समजावे.

हेसरघट्टा

येलहंक्याच्या पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर, याच विधानसभा मतदारसंघात, हेसरघट्टा आहे. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात 1894 मध्ये अर्कावती नदीवर येथे तलाव झाला आणि बंगळुरूला नळाचे पहिले पाणी येथून गेले. तलावाच्या पाणलोटात सरकारी जमीन मोठ्या प्रमाणावर राहिली. स्वातंत्र्यानंतर ती पशुसंवर्धनाच्या कामाला आली: डेन्मार्कच्या सहकार्याने चाललेला पैदास प्रकल्प, गोठीत वीर्य तयार करणारी केंद्रीय संस्था, कुक्कुटपालनाचे केंद्र, चाऱ्याच्या वाणांचे प्रादेशिक केंद्र. यात एक गंमत आहे. या संस्थांनी घडवलेली संकरित गाय गोठ्यात उभी राहून वैरण आणि खुराक खाते. तिला माळ लागत नाही. म्हणजे चराईची गरज संपवणारे काम ज्या आवारात झाले, त्याच आवाराच्या सरकारी मालकीमुळे बंगळुरूजवळचा शेवटचा मोठा गवताळ माळ शिल्लक राहिला.

त्या माळावर हिवाळ्यात भोवत्या येतात, चंडोल आहेत, आणि दुर्मिळ तणमोराचीही नोंद झाली आहे. चित्रपटनगरीपासून अनेक प्रकल्पांसाठी या जागेचे नाव पुढे येत राहिले. ती संवर्धन राखीव क्षेत्र करावी हा प्रस्ताव जानेवारी 2021 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने नाकारला. आसपासच्या गावांना भीती होती की गुरे चारण्यावर बंदी येईल, आणि ही भीती पोकळ नव्हती.

तिचे कारण राजस्थानात सापडते. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिल्यावर 1982 मध्ये तेथील चराई एकाएकी बंद करण्यात आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघाले ते उलटेच: म्हशी गेल्यावर पाणथळ गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांचेच नुकसान झाले. भरतपूर पाणथळ आहे, हेसरघट्टा कोरडा माळ. तेथला निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. महाराष्ट्रात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने चराईबंदी करून, गवत कापून नेण्याची मुभा ठेवून डोंगर सावरले, हेही तितकेच खरे. पण तेथे बंदी ग्रामसभेने स्वतःवर घातली होती आणि कापलेले गवत गावाच्याच गोठ्यात गेले. दोन्हीकडे 'बंदी' हाच शब्द आहे. ती कोणी ठरवली आणि गवत कोणाला मिळाले, यात सगळे अंतर पडले.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हेसरघट्ट्याच्या सुमारे 5,678 एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेला हा प्रकार राष्ट्रीय उद्यानापेक्षा सैल आहे. तो सरकारी जमिनीवरच लागू होतो, चराई आपोआप बंद होत नाही, आणि सल्ला देणाऱ्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असावे लागतात. म्हणजे येथे कावलाचा जुना प्रश्न नव्याने सोडवावा लागेल: माळाचे भाग किती, कोणत्या भागात कोणत्या महिन्यांत गुरे-मेंढ्या, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात कोणता भाग बंद, कुसळी मागे हटते की वाढते हे कोण मोजणार, आणि पहाऱ्यावर शेजारच्याच गावचा माणूस असणार की बाहेरचा. चाऱ्याच्या वाणांवर काम करणारे केंद्र हाकेच्या अंतरावर असल्याने मोजमापासाठी लांब जावे लागणार नाही.

समोर उलटे उदाहरणही आहे. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरेजवळ अमृत महाल कावलांचे सुमारे दहा हजार एकर 2007 नंतरच्या काही वर्षांत संरक्षण, अणुऊर्जा आणि अवकाश संशोधनाच्या संस्थांना देण्यात आले. लांबलचक भिंती उभ्या राहिल्या. त्या रानावर मेंढ्या चारून, त्यांच्या लोकरीची घोंगडी विणून जगणाऱ्या गावांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत दाद मागितली. ज्या संस्थांना जमीन मिळाली त्यांच्या कामाचे महत्त्व कोणी नाकारत नाही. पण वाटपाच्या वेळी कागदावर त्या जागेत कोणी राहत नव्हते आणि काही पिकत नव्हते.

अभ्यासासाठी: आपल्या गावाच्या किंवा तालुक्याच्या महसूल नोंदीत (महाराष्ट्रात सातबारा आणि गाव नमुना 1, कर्नाटकात पहाणी) गायरान किंवा गोमाळ म्हणून किती क्षेत्र दाखवले आहे ते पाहा. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरातील पशुधन आणि कुरणांचे प्रकरण त्याशेजारी ठेवा. मग प्रत्यक्ष त्या जागी जाऊन तेथे गवताच्या किती जाती उगवतात, आणि गावातला वयस्कर गुराखी कोणत्या महिन्यांत ते रान बंद असे म्हणून सांगतो, हे टिपून घ्या.